होम मॅच घरी तरी होऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी तुमचा ई-पेपर इथे व्हर्जिनियात रात्री जेवताना वाचतो, म्हणजे तुमचा उद्याचा पेपर मला आजच मिळतो, परदेशात राहण्याचा एवढा एक फायदा. तर मागे सौरभ नेत्रावळकर खेळतो त्या इथल्या क्रिकेट लीगमधल्या वॉशिंग्टन फ्रीडम टीमबद्दल तुमच्या क्रीडा पानावर छापलं होतं की टीमने "घरच्या प्रेक्षकांसमोर" मॅच मारली. आपला मुंबईचा पोरगा, वाचून बरं वाटलं ते वाटलंच, पण साहेब ती मॅच झाली नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला, माझ्या घरापासून गाडीने साडेचार तास आणि तेही ट्रॅफिक नसेल तर. २०२४ ला ह्या टीमने लीग जिंकली ती फायनल टेक्सासमध्ये, आणि अख्ख्या सीझनमध्ये वॉशिंग्टनात एक बॉल पडला नाही. नाव वॉशिंग्टन आणि पत्ता भलतीकडे. पुणेकरांना हे लगेच कळेल, २०११ ला आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली तेव्हा गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून पुण्याच्या टीमच्या होम मॅचेस नेरुळला डी. वाय. पाटीलवर झाल्या होत्या. आठवतं ना?

एवढ्याशा शब्दावरून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण एक संध्याकाळ आहे, १४ एप्रिल २००५, गुरुवार, आणि खेळ क्रिकेट नाही, बेसबॉल.

मी तेव्हा इथे नवीनच होतो, बेसबॉलमधलं मला ढिम्म कळत नव्हतं, आमच्यासाठी तो म्हणजे क्रिकेटचा लांबचा भाऊ, पॅड न बांधणारा. ऑफिसात माझा टीम लीड होता, पन्नाशीचा माणूस, एरवी शब्द मोजून बोलणारा. तो एक दिवस डेस्कपाशी येऊन म्हणाला एक तिकीट जास्तीचं आहे, येतोस का, आणि नाही म्हणायचं नाही अशा चेहऱ्याने उभा राहिला. वॉशिंग्टन नॅशनल्सची पहिली होम मॅच, समोर ॲरिझोना डायमंडबॅक्स. मी म्हटलं अरे सीझन तर कधीच सुरू झालाय, टीम नऊ मॅचेस खेळून आलीय, पाच जिंकल्यात चार हरल्यात, पेपरात वाचलं मी. तो म्हणाला त्या बाहेर झाल्या, सुरुवात आज आहे.

मेट्रोने स्टेडियम-आर्मरी स्टेशनवर उतरलो तर बाहेर ही भलीमोठी रांग, कारण मानाचा पहिला बॉल टाकायला खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश येणार होते त्यामुळे एकेकाची तपासणी. माझ्या पिशवीत बायकोने दिलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, तो उघडून दाखवावा लागला, गार्डने वास घेतला, जा म्हणाला. रांगेत पुढेमागे नुसत्या लाल टोप्या, त्यावर वळणदार डब्ल्यू. टीम लीडच्या डोक्यावरही तोच डब्ल्यू पण टोपी पार विटलेली, म्हटलं नवीन घे की, तर म्हणाला ही जुन्या टीमची आहे, सेनेटर्सची.

मग रांगेतच त्याने सगळी गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनची शेवटची बेसबॉल मॅच झाली ३० सप्टेंबर १९७१ ला, ह्याच आरएफके स्टेडियममध्ये. मालक टीम टेक्सासला घेऊन चाललेला, लोकांचं डोकं फिरलेलं. सेनेटर्स न्यूयॉर्क यांकीजच्या ७-५ पुढे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आऊट, जिंकायला फक्त एक आऊट बाकी आणि पब्लिक मैदानात घुसलं. कोणी बेस (पळताना गाठायचं ठाणं) उचलून नेला, कोणी गवत उपटलं, अंपायरनी मॅच यांकीजला देऊन टाकली. हा तेव्हा सतरा वर्षांचा, भावाबरोबर आला होता, दोघांनी मिळून हिरवळीचा एक तुकडा उपटून घरी नेला, टबात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आईने घाण म्हणून फेकून दिला. हे सांगताना तो हसत होता पण तेहतीस वर्षांनीही आईला माफ केलं असावं असं काही वाटलं नाही.

आणि जो बॉल त्या दिवशी टाकायचा राहिला तो पिचर (आपला बॉलर) जो ग्रझेंडाने इतकी वर्षं घरात जपून ठेवला होता. २००५ ला त्याने तोच आणून बुश यांच्या हातात दिला आणि त्यांनी तोच टाकला, कॅचर (आपला कीपर) ब्रायन श्नायडरकडे. गंमत म्हणजे जी टीम इथून उठून गेली तिचीच पुढे टेक्सास रेंजर्स झाली आणि राजकारणात मोठे होण्याआधी बुश त्याच रेंजर्सचे एक मालक होते. टीम लीडने टाळ्या वाजवल्या पण हात बांधून घेतल्यासारख्या.

त्याआधी एक प्रकार झाला तो मी विसरणार नाही. जुन्या सेनेटर्सचे म्हातारे झालेले खेळाडू आपापल्या जागी मैदानावर उभे केले, लेफ्ट फील्डला फ्रँक हॉवर्ड, साडेसहा फुटांहून उंच माणूस, आणि मग आतून नवीन पोरं पळत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. हॉवर्डने त्या काळी वरच्या मजल्यावर जिथे जिथे होमरन (आपला सिक्सर) मारले त्या खुर्च्या पांढऱ्या रंगवलेल्या होत्या, टीम लीड मला बोटाने दाखवत होता, ती बघ, ती बघ, आणि मी मनात अंतर मोजतोय की वानखेडेवरून हा बॉल कुठे गेला असता, मरीन ड्राइव्ह बहुतेक.

मॅचचं थोडक्यात सांगतो. लिव्हान हर्नांडेझ नावाचा आमचा क्युबाचा पिचर, अंगाने चांगला भरलेला, आपल्याकडच्या फिटनेस टेस्टमध्ये बसला नसता, पण आठ इनिंग त्याने समोरच्यांना एकच हिट दिली. बॅटिंगला विनी कास्तिया, मूळचा मेक्सिकोचा. त्याने आधी डबल मारला (एका फटक्यात दोन बेस), मग ट्रिपल (तीन), मग होमरन. आता बेसबॉलमध्ये एकाच मॅचमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन चारही मारले तर त्याला सायकल म्हणतात, ती फार क्वचित होते, आणि ह्याचा राहिला होता फक्त सिंगल, म्हणजे सगळ्यात सोपा. आठव्या इनिंगला तो आला तेव्हा पंचेचाळीस हजार माणूस उभा, (४५,५९६ हा आकडा, दुसऱ्या दिवशी पेपरात आला) आणि पिचरने काय करावं, बॉल त्याच्या अंगावरच घातला! नियमाप्रमाणे फुकट बेस मिळाला आणि सायकल गेली. ते बूऽऽ अजून कानात आहे. मला हा खेळ त्या क्षणी कळला असं म्हणायला हरकत नाही, कारण मी पण ओरडत होतो आणि मराठीत ओरडत होतो.

नवव्या इनिंगला ॲरिझोनाच्या चॅड ट्रेसीने तीन रनांचा होमरन मारला, ५-० चं ५-३ झालं आणि टीम लीड पांढरा पडला, म्हणाला पुन्हा नववीच. मग चॅड कॉर्डेरो ह्या दुसऱ्या पिचरला आणून उरलेले आऊट काढले. संपलं. स्टेडियमची थर्ड बेसकडची गॅलरी फुटबॉलसाठी सरकवायची म्हणून खाली रुळांवर बसवलेली होती, लोक उड्या मारायला लागले की ती अक्षरशः खालीवर व्हायची, आम्ही तिच्यातच होतो आणि माझ्या पायाखाली शेंगांच्या फोलपटांचा थर नाचत होता. हो, शेंगा. इथे बेसबॉल बघताना भाजलेल्या खाऱ्या शेंगा खातात, फोलपटं सरळ पायाशी टाकतात आणि कोणी काही बोलत नाही. आमच्या गावच्या जत्रेतल्या तमाशाच्या तंबूची आठवण झाली. माझ्या पुऱ्या टीम लीडने खाल्ल्या, पाणी पीत पीत, आणि मी त्याच्या शेंगा.

एक गोष्ट मात्र मला बरीच उशिरा कळली. ही टीम आकाशातून पडलेली नव्हती, १९६९ पासून ती मॉन्ट्रियल एक्स्पोज होती, आणि २९ सप्टेंबर २००४ ला त्यांची तिकडची शेवटची होम मॅच झाली, ३१ हजार लोक आले आणि ९-१ ने हरताना बघून गेले. म्हणजे आम्ही नाचत होतो तेव्हा तिकडे कोणीतरी माझ्या टीम लीडसारखाच विटकी टोपी घेऊन बसला असणार. टीम लीडला मी हे एकदा बोलून दाखवलं तर तो म्हणाला माहितीय, आणि विषय बदलला.

नॅशनल्स २००८ ला नवीन पार्कात गेले. २०१९ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सात मॅचेसची फायनल, जिंकले तीही अजब, घरच्या तिन्ही मॅचेस हरले आणि ह्यूस्टनला जाऊन चारही जिंकले. टीम लीड तोवर रिटायर झालेला, मी फोन केला, तर एवढा कप आलेला असताना हा माणूस काय म्हणतो, "पण इथे एक तरी जिंकायला हवी होती."

म्हणून म्हटलं साहेब, होम मॅच हा शब्द जरा जपून वापरा. नेत्रावळकरची टीम खरंच इथे खेळायला आली की मी शेंगांची पुडी घेऊन पहिल्या दिवशी जाणार आहे आणि त्या मॅचचं तुम्ही खुशाल "घरच्या प्रेक्षकांसमोर" असं छापा, मोठ्या टाइपात छापा. तोवर त्या मॉरिसव्हिलच्या बातमीची दुरुस्ती तेवढी द्या, अर्ध्या ओळीची चालेल, पण क्रीडा पानावरच.

आपला,
एक जुना वाचक
फेअरफॅक्स, व्हर्जिनिया