नागरी सूचनांसाठी फक्त 'एक्स'च का?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लोकल सुरू आहेत का, रुळांवर पाणी आले का, भरती किती वाजता आहे, शाळांना सुट्टी जाहीर झाली का, ही माहिती पावसाळ्यात मुंबई-ठाणे परिसरात बहुतेक वेळा सर्वांत आधी येते ती 'एक्स'वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर. महापालिका, पोलीस, मध्य आणि पश्चिम रेल्वे सगळे तिथे लिहितात. वृत्तवाहिन्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप तिथूनच उचलतात. मी स्वतः ते सोडून मॅस्टोडॉन या दुसऱ्या सोशल मीडियावर गेले आहे. तरीही जून लागला की केवळ या माहितीसाठी मला तिथे डोकवावे लागते. आपल्यापैकी कुणीही ठरवले तर सोशल मीडिया बदलू शकतो, पण सरकारी यंत्रणा एकाच ठिकाणी बसून राहिल्या तर त्या बदलाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून हे पत्र.

मुंबई पोलीस डिसेंबर 2015 मध्ये ट्विटरवर आले तेव्हा तो निर्णय योग्यच होता. अकाउंट नसलेल्या माणसालाही तिथले सगळे वाचता येत होते आणि ताजी पोस्ट सर्वांत वर दिसत होती. 27 ऑक्टोबर 2022 रोजी इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरला ही कंपनी घेतली आणि नियम एकामागून एक बदलत गेले. 30 जून 2023 च्या सुमारास लॉगिनशिवाय वाचणे बंद झाले. दुसऱ्याच दिवशी, 1 जुलैला, पैसे न भरणाऱ्यांना दिवसाला 600 पोस्टच वाचता येतील असे मस्क यांनी जाहीर केले. ती मर्यादा लगेच वाढवली गेली हे खरे. पण त्या वर्षी मुंबईत मोसमी पाऊस 25 जूनला दाखल झाला होता, म्हणजे ऐन पावसाच्या पहिल्या आठवड्यात हे घडत होते. पुढे एकेकटी पोस्ट लॉगिनशिवाय दिसू लागली, पण एखाद्या अकाउंटवर गेल्यास ताज्या पोस्टऐवजी जुन्या, गाजलेल्या पोस्ट वर येऊ लागल्या. 'रेल्वे वाहतूक पूर्ववत' ही गेल्या वर्षीची सूचना आज वर दिसली, तर स्टेशनकडे निघालेल्या माणसाला तिचा उपयोग नाहीच, उलट अपाय आहे.

न्यू यॉर्कच्या मेट्रो-बस प्राधिकरणाने, एमटीएने, एप्रिल 2023 मध्ये ट्विटरवरून गाड्यांच्या तातडीच्या सूचना देणे थांबवले होते. आपोआप पोस्ट टाकण्याच्या सोयीसाठी कंपनी जबर शुल्क मागू लागली होती आणि ती सोय मध्येच बंदही पडत होती. सार्वजनिक सेवेच्या माहितीसाठी ट्विटरवर आता भरवसा ठेवता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. काही दिवसांतच कंपनीने सरकारी संस्थांना ती सोय पुन्हा मोफत केली. एवढ्या मोठ्या शहराच्या प्राधिकरणाला कंपनीचे मन वळेपर्यंत थांबावे लागले, ही बाब आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही याचे मला वाईट वाटते.

'परदेशी कंपनी नको, स्वदेशी हवी' हे उत्तर यावर लगेच दिले जाते. ते आपण करून पाहिले आहे. 2021 मध्ये केंद्रातले मंत्री आणि खाती मोठ्या उत्साहाने ट्विटरसारख्याच भारतीय 'कू'वर गेली. तिथे मराठीत लिहिण्याची सोय चांगली होती, माणसे लिहीतही होती. जुलै 2024 मध्ये पैशाअभावी 'कू' बंद झाले. ऑर्कुटवरच्या मराठी कम्युनिटींचेही 2014 मध्ये हेच झाले होते. मालक कोणत्या देशाचा आहे यापेक्षा सगळे एकाच मालकाच्या हाती आहे ही खरी अडचण आहे.

मॅस्टोडॉनची रचना इथेच वेगळी आहे. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये ते सुरू केले. कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब या खुल्या मानकाने, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या सामाईक नियमांनी, हे सर्व्हर एकमेकांशी बोलावेत, अशी ती व्यवस्था आहे. जीमेलवरून रेडिफमेलला पत्र जाते, तसेच हे. जर्मनीच्या केंद्र सरकारचा स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर आहे, नेदरलँड्सच्या सरकारने 2023 मध्ये आपला सुरू केला आणि त्याच वर्षी बीबीसीनेही प्रयोग म्हणून एक उभा केला. अशा सर्व्हरवरची सार्वजनिक पोस्ट वाचायला लॉगिन लागत नाही, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात आणि प्रत्येक अकाउंटची आरएसएस फीड, म्हणजे इतर वेबसाइट-अ‍ॅपना वाचता येणारी ताज्या पोस्टची यादी, आपोआप मिळते. वर्तमानपत्राच्या वेबसाइटला, सोसायटीच्या अ‍ॅपला किंवा एखाद्या हौशी विद्यार्थ्याला ती माहिती कुणालाही पैसे न देता पुढे नेता येते.

आणखी एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सर्व्हर शासनाच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेब पत्त्यावर, असेल तर अकाउंटचा पत्ताच ओळखपत्राचे काम करतो. 'एक्स'वर निळी खूण आता पैसे देऊन मिळते. सरकारी अकाउंटसाठी करडी खूण आहे, पण ती देणे आणि काढणे कंपनीच्या मर्जीवर आहे. पुराच्या दिवसांत खोट्या अकाउंटवरून 'धरण फुटले'सारख्या अफवा पसरतात, तेव्हा खरी सूचना कोणती हे ठरवायला नागरिकाच्या हाती काहीतरी पक्के हवे.

मॅस्टोडॉनच्या उणिवाही सांगायला हव्यात. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर अकाउंट बंद केले गेले, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर आले आणि त्यातले बहुतेक परतले. 2022 च्या शेवटी जगभरातून आलेली लाटही पुष्कळशी ओसरली. सुरुवातीलाच सर्व्हर निवडायला सांगितले की नवा माणूस गोंधळतो. सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. बरेच सर्व्हर स्वयंसेवक पदरमोड करून चालवतात आणि थकले की बंद करतात. तिथे मराठी लिहिणारे अजून थोडे आहेत, आणि नाटकावर किंवा क्रिकेटवर रंगलेल्या गप्पा मला तिथे क्वचितच मिळतात. ब्लूस्काय हा ट्विटरसारखाच आणखी एक पर्याय वापरायला सोपा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ते सर्वांना खुले झाले आणि त्या नोव्हेंबरात त्याने 2 कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला. त्याचेही मानक खुले आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक सगळा कारभार अजून एका कंपनीकडेच आहे. शासनासाठी मी तरी मॅस्टोडॉनच सुचवेन.

गर्दी नाही हा आक्षेप गप्पांपुरता खरा आहे. सरकारी सूचनेला तो लागू होत नाही, कारण ती वाचायला त्या ठिकाणी सदस्य असावेच लागत नाही. शिवाय 'एक्स' सोडा असे मी म्हणतच नाही. तिथे जे टाकता ते आधी स्वतःच्या जागेवर टाका आणि मग तिथे पाठवा, इतकेच. हे धोरणाच्या बाहेरचेही नाही. ई-गव्हर्नन्समधील खुल्या मानकांचे केंद्राचे धोरण 2010 चे आहे, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे 2015 चे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपत्तीचे इशारे देणारी 'सचेत' सेवा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या खुल्या मानकावरच चालते.

ज्या राज्यात दूध संघापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत सगळे सहकारातून उभे राहिले, तिथल्या विद्यापीठांनी आणि साहित्य संस्थांनीही सभासदांच्या वर्गणीवर आपला सर्व्हर चालवण्याचा विचार करावा. सोशल डॉट कूप नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर 2017 पासून याच पद्धतीने चालतो, तिथले निर्णय सभासद घेतात. पण त्याला वेळ लागेल आणि सुरुवात शासनाने करणे सोपे आहे.

मुख्यमंत्री कार्यालयाला आणि मुंबई महापालिका आयुक्तांना माझी विनंती आहे की पुढच्या जूनच्या आत राज्याच्या डोमेनवर एक सर्व्हर सुरू करावा आणि त्यावर आधी मोजकीच अकाउंट ठेवावीत: महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, मुंबई पोलीस, खडकवासल्याचा विसर्ग, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आणि कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी यांत फक्त चार फुटांचे अंतर असते. तेवढ्या अवधीत नदीकाठच्या माणसाला लॉगिन विचारले जाऊ नये.

आपली वाचक,
डोंबिवली (पूर्व)