आईच्या कानात स्टेथोस्कोप घालणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार. आमच्यासारखी घरं सावंतवाडीपासून पेडणे-म्हापशापर्यंत गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या कुणाच्या तरी हे कामाला येईल. आणि तुमच्या केबिनमध्ये मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही, घशातून शब्दच फुटेना.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं ते तुम्हाला माहितीय, पण बाकीच्यांसाठी लिहिते. बाबा गेले आणि त्यानंतर आई हळूहळू आटतच गेली. सकाळी उठल्या उठल्या आकाशवाणी पणजी लावणारी बाई, तिने रेडिओला हात लावणं सोडलं. जेवण अर्ध्यावर आलं, रात्र रात्र जागी. मग संशय सुरू झाला. वहिनी आणि शेजारच्या काकू हळू आवाजात काहीतरी ठरवतायत, घर नावावर करून घेणारेत, डाळीत काहीतरी घालतायत. माझ्या वहिनीने त्या काळात काय काय ऐकून घेतलंय ते तिचं तिलाच माहीत, तरी आईचं ताट वाढायचं तिने एकदा पण चुकवलं नाही.

डॉक्टर केले ना, बरेच केले. एकाने कागदावरून मान वर न करता सांगितलं, वय झालं, आता असंच चालायचं. दुसऱ्याने आई समोर खुर्चीत बसलेली असताना दादाला सांगितलं, यांना आता काही कळत नाही, तुम्ही जास्त त्रास करून घेऊ नका. तिसऱ्याने डोकं शांत ठेवायची गोळी दिली आणि पुढे पेशंटला न बघताच तीच चालू ठेवा, चालू ठेवा. त्या गोळीने आई शांत झाली म्हणजे काय तर लाकडासारखी ताठ झाली. हात थरथरायचे, पाऊल उचलायचं नाही, तोंडातून लाळ, ओठ सारखे काहीतरी चघळल्यासारखे हलत राहायचे, आणि एक दिवस बाथरूममध्ये पडली. विचारलं तर उत्तर तेच, वयामुळे. शिकलेल्या माणसांनी समोरच्या माणसाकडे पाच मिनिटं नीट बघू नये याचा मला राग आहे, अजून आहे, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

मग कुणीतरी म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर म्हणून तुमचं नाव सांगितलं आणि आम्ही बॉर्डर ओलांडून गोव्यात आलो.

दादाने नेहमीसारखी फाईल उघडून सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, जरा थांबा हां, आधी मी आईंशी बोलते. आईला नाव विचारलंत, ती माझ्याकडे बघायला लागली. परत विचारलंत, परत माझ्याकडे. याआधी सगळ्यांनी इथेच पेन उचललं होतं. तुम्ही मात्र उठलात, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसलात, गळ्यातला स्टेथोस्कोप काढलात आणि तिच्या कानात घातलात. तिच्या! तिच्या कानाच्या पाळीत एक केस अडकला होता तो आधी बाजूला केलात, मग ती गोल चकती स्वतःच्या ओठांजवळ धरून अगदी हळू विचारलंत, "आये, माझो आवाज आयकाक येता?"

आई दचकली. मग म्हणाली, "येता गो येता, किती दिसांनी कोण तरी नीट बोलला."

आणि मग ती बोलायलाच लागली. बाबांबद्दल, रात्रीबद्दल, आता कशातच जीव लागत नाही त्याबद्दल. मधेच म्हणाली, "सगळे माझ्या म्होरां बोलतत, माझ्यावांगडा कोण बोलणा नाय." दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तुम्ही चकती खाली ठेवली नाहीत, बाहेर पेशंटची लाईन होती तरी नाही.

पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. कान वयाने गेलेले आणि वरून मळ घट्ट बसलेला, मनात डिप्रेशन, आणि त्यावर ती गोळी. ऐकूच येत नाही तेव्हा समोर दोघी बोलताना दिसल्या की आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटणार हे तुम्ही सांगितल्यावर किती सरळ वाटलं, पण ते आधी कुणाला सुचलं नव्हतं. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, हे तुम्ही चार वेळा बजावून सांगितलंत. आणि स्मरणशक्तीची टेस्ट कानाला यंत्र लागल्यावरच घेतलीत, कारण प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच ना.

नंतर एकदा निवांत भेटलात तेव्हा मी विचारलं होतं की तुम्ही ह्या लाईनला कशा आलात. तुमच्या बरोबरचे रेडिओलॉजी, स्किन असं काय काय घेऊन सेटल झाले आणि तुम्ही मात्र प्रश्नावली घेऊन गावागावात म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसायचात. घरचे विचारायचे, म्हाताऱ्यांच्या मनावर कसलं आलंय रिसर्च? तुम्ही स्वतःबद्दल दोन वाक्यं बोललात आणि बाकी सगळं दुसऱ्यांच्या कामाबद्दल. घरी येऊन मी ते सगळं वाचून काढलं, म्हणून इथे लिहिते.

१९९८ मध्ये टेन-सिक्स्टीसिक्स नावाचा संशोधकांचा गट सुरू झाला. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, ६६ टक्के पेशंट आपल्यासारख्या देशात आणि त्यावरचं दहा टक्के पण रिसर्च इकडे होत नाही, तेच आकडे त्यांनी नावात घेतले. मग गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या लोकांनी डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आधार देण्याचा प्रयोग केला, ८१ कुटुंबं, २००८ ला छापून आला. जाणारे कोण, तर ट्रेनिंग दिलेली स्थानिक साधी माणसं. त्यानंतर परत गोव्यातच, साठीच्या वरचे १८१ लोक, अजून पूर्ण डिप्रेशन नाही पण त्या उंबरठ्यावर असलेले. अर्ध्या लोकांकडे असे साधे काउन्सेलर गेले, अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, शुगर कशी सांभाळायची, सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यायचा हे सगळं केलं. वर्षभराने त्यांच्यात डिप्रेशन ४.४ टक्के, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत १४.४ टक्के. २०१९ चा हा पेपर. हे आमच्या बाजूला, तासाभराच्या रस्त्यावर चाललं होतं आणि आम्हाला सांगत होते वय झालं!

त्या गोळ्यांबद्दल पण वाचलं, अँटीसायकोटिक म्हणतात त्यांना, भास-संशयासाठी देतात त्या. डॉ. दिलीप जेस्ते, पुण्यात डॉक्टर झालेले, मुंबईला केईएममध्ये सायकियाट्री केली, मग अमेरिकेत म्हातारपणातल्या मानसिक आजारांवर आख्खं करिअर, २०१२ मध्ये तिकडच्या सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष पण झाले. त्यांच्या टीमने १९९५ मध्येच दाखवलं होतं की ४५ च्या वरच्या पेशंटना तेव्हाच्या या जातीच्या गोळ्या दिल्या तर वर्षभरात साधारण २६ टक्के लोकांना तोंडाच्या, हातापायाच्या अशा आपोआप हालचाली सुरू होतात. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये तर या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००५ मध्ये या जातीच्या नव्या गोळ्यांवर आणि २००८ मध्ये जुन्या गोळ्यांवर पण इशारा द्यायला लावला. कधीकधी या गोळ्या लागतात, ते तुम्हीच सांगितलंत. पण देताना पेशंटकडे बघायचं असतं. आईच्या ओठांची हालचाल अजून थोडी आहे, कदाचित राहील असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत, खोटा धीर दिला नाहीत, त्याचे पण आभार.

कानाचं तर मला कुणालाही थांबवून सांगावंसं वाटतं. लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिलीयत, त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक, डिप्रेशन आहे, एकटेपणा आहे. या चौदांवर काम केलं तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील म्हणे. घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, किंवा एकदम बघायचंच सोडून दिलं असेल तर आधी कान दाखवा.

मॅडम, हुशार डॉक्टर खूप असतील, पण चांगुलपणा वेगळा. तो मी तुमच्यात बघितला, आमच्याकडे घरी येणाऱ्या तुमच्या काउन्सेलर ताईंमध्ये बघितला, त्या आल्या की आईच्या बरोबरीने अंगणात बसून आमसुलं वाळत घालायच्या आणि बोलता बोलता सगळं विचारून घ्यायच्या. जाताना वहिनीला बाजूला घेऊन, तुम्ही झोपता का, जेवता का वेळेवर, हे पण विचारायच्या. सांभाळणाऱ्या बाईला हे आजवर कुणी विचारलं होतं? अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. पैसा, ओळख काही नसताना कुणीतरी आपल्या माणसाला माणूस म्हणून वागवलं याची किंमत ज्याला वणवण करून झालीय त्यालाच कळते.

आईची खबर सांगायची तर विसरते अजून, कालचं आज आठवत नाही कधीकधी, यंत्र कानाला टोचतं म्हणून काढून ठेवते आणि मग वहिनीशी वाद घालते. पण डाळ खाते. शेजारच्या काकूंना स्वतः हाक मारून बोलावते. गेल्या महिन्यात बाबांच्या वर्षश्राद्धाला कुणाकुणाला बोलवायचं ती यादी तिने स्वतः सांगितली, आणि त्यात तुमचं नाव होतं, तुम्हाला जमलं नाही ते समजू शकते. आता तिचं म्हणणं आहे की चतुर्थीला तरी या, काउन्सेलर ताईंना पण घेऊन या, रविवार बघून या, घावणे-रस करते म्हणतेय. नाही म्हणू नका, मला तिला समजावता येणार नाही.

तुमची,
सावंतवाडीच्या आजींची मुलगी