जाहीर आवाहन : बोलका आवाज, बोलकं चित्र आणि थोडी मदत हवी

खानापूर, बेळगाव, निपाणी आणि चिकोडी भागातल्या सर्व बंधू-भगिनींना नमस्कार.

आमच्या स्वयंसेवक मंडळानं यंदा सुरक्षेची माहिती मराठीत, मोबाईलवर पाहता-ऐकता येईल अशी तयार करायला घेतली आहे. सूचनांचा तसा तुटवडा नाही. 'सर्पदंश झाल्यास तात्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत' असं कुठल्या ना कुठल्या भिंतीवर डकवलेलं असतंच. त्यात चूक काही नाही; पण ते वाचलंय म्हणून रात्री दोनला कुणी उठून गाडी काढेल, असं आम्हाला वाटत नाही.

मण्यारीचंच घ्या. ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण धड दिसत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. आम्हाला हे दीड मिनिटात दाखवायचं आहे. सासूबाई डबे उचकत ओवा शोधतायत आणि सून नवऱ्याजवळून ओरडते, "आत्ती, ह्यांचे डोळे बघा की, उघडेनातच!" तिथून पुढं काय करायचं ते : दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन लावायचा, किंवा मिळेल त्या गाडीनं थेट सरकारी दवाखाना गाठायचा. शेवटी मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी कशी खोचायची, ते जवळून दाखवायचं. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना बंधनकारक केली. गावात मात्र अजून आधी मांत्रिक, मग डॉक्टर.

दुसरा विषय पुराचा. २०१९ चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. २०२१ च्या जुलैत तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. तेव्हाचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरले की उगाच पळापळ होते, आणि खरा इशारा आला तर लोक हसण्यावारी नेतात. म्हणून आमच्या प्रत्येक चित्रफितीवर गावाचं नाव आणि तारीख ठळक असेल. उसाच्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर लावण्याबद्दलही करायचं आहे, गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. नाटकात काम केलेली माणसं आधी हवीत. या भागात त्यांची वाण नाही. भाषा घरात बोलता तीच बोला, पुस्तकी नको. शाळकरी मुलांनी चित्रं काढून द्यावीत. मात्र कवटी आणि हाडं नकोत, ती बघून कुणी घाबरत नाही. औषधपाण्याचा मजकूर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही, त्यासाठी महिन्यातला तासभर देणारे डॉक्टर हवेत. कन्नड चांगलं लिहिणारे दोघे-तिघे हवेतच. साप काही भाषा विचारून चावत नाही, आणि शेजारच्या घरातही ही माहिती गेली पाहिजे.

जखमी माणसाचे किंवा मृतांचे फोटो कृपया पाठवू नका. आम्ही ते वापरणार नाही.

वस्तूरूपानं कॉलरला लावायचा माईक, मोबाईलचा स्टँड, चालू स्थितीतला जुना लॅपटॉप चालेल. रोख देणाऱ्यांना पावती मिळेल, आणि जमा-खर्च दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लावला जाईल. गणपतीच्या वर्गणीचा लावतो तसाच.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या खोलीत कुणी ना कुणी असतं. आवाजाची चाचणी तिथंच घेऊ. भातकापणीच्या आधी सापाची चित्रफीत पुरी करायची आहे, तेव्हा सून आणि सासूबाई या दोन भूमिकांसाठी येणाऱ्यांनी पहिल्याच रविवारी यावं.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते