बेन, ती रेघ तुम्ही दाखवलीत

बेन,

तुम्हीच म्हणाला होतात ना, कधी काही लिहावंसं वाटलं तर तारी भाषामां लख, मी वाचीन हळूहळू, म्हणून हे मराठीतच लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण शाळेत असताना मी तुम्हाला कधी धड थँक्यू म्हटलंच नाही, शेवटच्या दिवशी नुसती पाया पडले आणि निघाले.

अकरावीत तुमचा ग्राफिक डिझाईनचा कोर्स घेतला तेव्हा घरी बरंच वाजलं होतं. बाबांचं म्हणणं, अकाउंट्सकडे लक्ष दे, कॉम्प्युटरवर फुलंपानं काढून काय होणार. मलाही तेव्हा डिझाईन म्हणजे तेवढंच वाटायचं, छानसा फाँट, मागे ग्रेडियंट, अक्षरांना सावली, झालं.

मग बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळाचं गणपतीचं पोस्टर माझ्याकडे आलं. वर मराठी, खाली गुजराती, कारण आमच्या गल्लीत दोन्ही वाचणारी माणसं आहेत. दोन्ही ओळींना मी सारखाच साईझ दिला आणि तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, प्रिंट काढून लॅबच्या दारावर चिकटवलीत आणि मला पार पॅसेजच्या टोकाला नेऊन उभं केलंत. डोळे अर्धे मिट आणि सांग काय दिसतं. मराठी ओळ वरच्या रेघेला घट्ट धरून लटकलेली दिसत होती आणि गुजराती ओळ सुटी सुटी, जरा खाली घसरल्यासारखी, साईझ तोच असून. बेन, मी लहानपणापासून दोन्ही लिप्या वाचतेय, दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, लग्नाच्या पत्रिका, पण गुजरातीला डोक्यावर रेघ नाही म्हणजे नक्की काय होतं हे त्या दिवसापर्यंत मला दिसलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही कॉम्प्युटर लावूच दिला नाहीत. ट्रेसिंग पेपर दिलात आणि एकच शब्द दोन्ही लिप्यांत गिरवायला लावलात, गणपती. ग, ण, प, त, रेघ झाकली की चारही अक्षरं जवळजवळ सख्खी भावंडं. आणि शेवटी आल्यावर कळलं की मराठीत ती दीर्घ, दुसरी वेलांटी, आणि गुजरातीत ह्रस्व, पहिली वेलांटी, म्हणजे एकीचा दांडा अक्षराच्या उजवीकडे आणि दुसरीचा डावीकडे. ते दोन कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरले होते, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय. मग तुम्ही विचारलंत घरी मोडीतले जुने कागद आहेत का. पणजोबांच्या चिठ्ठ्या ट्रंकेत होत्या, त्या काढल्या तर प्रत्येक पानावर आधी आडव्या रेघा मारून घेतलेल्या आणि अक्षरं त्याखाली एकाला एक जोडून ओढत नेलेली. तुम्ही सांगितलंत की गुजराती ही व्यापाऱ्यांच्या हिशोबाची लिपी होती, भराभर लिहायचं म्हणून रेघ सुटली. म्हणजे लवकर लिहायची घाई दोघांनाही, एकाने रेघ आधीच मारून ठेवली आणि दुसऱ्याने ती सोडूनच दिली! हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

पोस्टरला मग मुक्त फाँट घेतला, आणि गुजरातीसाठी त्याच कुटुंबातला मुक्त वाणी, दोन्ही फुकट मिळतात आणि जाडी एकमेकांना धरून आहे. गुजराती ओळ किंचित मोठी केली, तीही नजरेने.

छपाईच्या रात्रीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी प्रूफवर, म्हणजे चाचणीच्या छापावर, विटकरी, मळकट आला आणि प्रेसवाल्यांच्या मशीनवर माझा फाँट नसल्याने दुसऱ्या दिवशीमधला ऱ्या तुटून भलतंच काहीतरी झालेलं. चूक माझीच होती, फाईल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत होती, छपाईच्या नाही, आणि अक्षरं कर्व्ह, म्हणजे फाँटशिवाय चालणाऱ्या आकारांत बदललेली नव्हती. रडवेली होऊन फोन केला तर तुम्ही रात्री नऊला अ‍ॅक्टिव्हावर रावपुऱ्यात प्रेसवर आलात. छापणाऱ्या काकांच्या शेजारी स्टूलवर बसून मला दाखवलंत की केशरी म्हणजे पिवळा पूर्ण आणि मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गडद गुलाबी, साठ टक्क्यांच्या आसपास, त्यात निळ्याचा टिपूससुद्धा नको, निळा शिरला की मळलाच. रागावला नाहीत. उलट म्हणालात, रविवारी म्युझियमला जाऊ. फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याच्या चित्रांसमोर उभं राहून तुम्ही सांगितलंत की बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनीच त्याला चित्रांच्या छापील प्रती काढायचं सुचवलं होतं, मग 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि तिथे एकेका रंगाला वेगळा दगड लागायचा. दगड चुकीचा बसला की देवीचा चेहरा फिस्कटलाच. माझ्या चार रंगांच्या प्लेटा मला तिथे खऱ्या कळल्या, परीक्षेपुरतं पाठ केलं होतं तेव्हा नाही.

आता मी फाईन आर्ट्सला अप्लाइड आर्ट्समध्ये आहे, हे तुम्हाला माहीतच आहे, फॉर्मवर सही करायला बाबांना तुम्हीच तयार केलंत. त्यांनी दुकानाचं नवीन बिलबुक माझ्याकडून करून घेतलं, दोन्ही लिप्यांत, आणि गिऱ्हाईकाला देताना पान जरा उलटं फिरवून देतात, त्याला नीट दिसावं म्हणून.

ते दोन ट्रेसिंग पेपर माझ्या फाईलमध्ये आहेत, कडा पिवळ्या पडल्यात. यंदाचं मंडळाचं पोस्टरही माझ्याकडेच आलंय. या रविवारी प्रूफ घेऊन येते, तुमच्या दारावर लावू आणि दोघी जिन्यापर्यंत मागे जाऊन बघू. टेप मी आणते.

तुमची,
खिडकीजवळच्या शेवटच्या कॉम्प्युटरवाली