शहराचा कचरा आमच्या ई-क्लासवर कशाला?

मा. संपादक साहेब,

इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक वाचून वाचून पाठ झालं, पण तिथं नेमकं काय केलं हे आमच्या तालुक्याच्या नगर परिषदेला कोणीतरी सांगायला पाहिजे म्हणून हे पत्र. तिथं घरातूनच ओला-सुका वेगळा घेतात, गाडीतही खण वेगळे, ओल्या कचऱ्यासाठी २०२२ मध्ये रोज ५५० टनाचा बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला अन् त्या गॅसवर सिटी बस चालतात. तिथल्या देवगुराडियाच्या डंपिंगचा जुना ढीग बायोमायनिंग करून हटवला, म्हणजे उकरायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा, माती एकीकडं अन् पन्न्या-चिंध्या एकीकडं. असल्या पन्न्या सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतात, अन् सिमेंट कारखाने आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेतच ना.

आमच्याकडं काय, तर शहरातला सगळा कचरा आमच्या शिवाराला लागून असलेल्या ई-क्लासवर, म्हणजे गायरानावर, येऊन पडते. जागा गुरं चारायची. गुरं अजूनही तिथंच जातात, पन्नीत गाठ मारून फेकलेलं शिळं अन्न पन्नीसकट खातात. ओला कचरा दबून सडला की आत गॅस धरते, उन्हाळ्यात ठिणगी पडायची देर, मग धूर रात्रभर गावात. नागपूरच्या भांडेवाडी डंपिंगला आग लागली तर बातमी होते, आमच्या आगीला कोण विचारते.

शहरातल्या बाया बिचाऱ्या दोन डबे ठेवतात अन् घंटागाडीवाला दोन्ही एकाच ढिगात ओतते. सरकारच्या घनकचरा नियमात वेगळा देणं घरवाल्यावर आहे तसं वेगळाच नेणं पालिकेवरही आहे, पण दंडाची भाषा फक्त घरवाल्यांना.

त्या डंपिंगवरचंच "खत" म्हणून आमच्या शेजाऱ्यानं एक ट्रॉली तुरीत टाकली होती. पहिल्या पावसानं माती बसली अन् वर काय आलं, तर शाम्पूच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, बल्बची काच, दाढीचं पातं. डवऱ्यामागं अनवाणी चालणाऱ्या माणसानं काय करावं? त्यानंतर कोणी नेत नाही, अन् वरून म्हणतात शेतकऱ्यांची मागणीच नाही! अहो गुरं कमी झाली, शेणखत पैसे देऊनही भेटत नाही, शहरी कचऱ्याच्या खतासाठी शासनाचा हरित महासिटी कंपोस्ट ब्रँडही आहे, चांगलं चाळलेलं अन् तपासलेलं द्या, उभ्या उभ्या उचलतो.

मोठ्या शहराकडं पैसा असते म्हणाल तर छत्तीसगडचं अंबिकापूर पाहा. बचत गटाच्या बाया घरोघरी कचरा घेतात, सेंटरवर हातानं निवडतात, सुका भंगारात विकतात, जुन्या डंपिंगच्या जागी आता बाग आहे. आपलं वेंगुर्ला तर साधी नगर परिषद, तिथंही डंपिंगचा पार्क झाला.

आता आमचं म्हणणं. पुढच्या टेंडरमध्ये गाडीला दोन खण टाका, अन् मिक्स कचरा आणला तर ठेकेदाराचं बिल कापा, कारण बिल वजनावर निघत असेल तर वजन कमी करण्यात त्याला काय इंटरेस्ट? जुना ढीग चाळायचं काम मार्गी लावा. फक्त डंपिंग उचलून दुसऱ्या गावाच्या ई-क्लासवर नेऊ नका, तिथंही आमचेच सोयरे राहतात.

आपला,
एक वाचक शेतकरी, जि. यवतमाळ