रकान्यात न बसणारं कर्ज

महोदय,

शेती वित्तपुरवठ्यावरील संशोधनाचा कल सांगणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखक अभ्यासू आहेत, वादच नाही. कोणत्या देशातून किती शोधनिबंध निघाले, कोणते शब्द जास्त आले, याची रंगीत वर्तुळं आपणही हौसेनं छापलीत. हवामानबदल आहे, डिजिटल कर्ज आहे, हरित वित्त आहे. तासगावची द्राक्षबाग ज्याच्या जिवावर उभी राहते ते उधारीवर फवारणीची औषधं देणारं दुकान तेवढं नाही.

मागं ऐन फळछाटणीत एक विद्यार्थी टॅब घेऊन पाहणीला आला होता. बँक, सोसायटी, बचत गट, फायनान्स, सावकार, एवढे रकाने. म्हटलं, दुकानदाराचे पावणेतीन लाख द्यायचेत, ते लिही. तर म्हणतो, "काका, ती उधारी झाली, कर्ज नव्हे." अरे बाबा, बेदाणा विकला की पहिले पैसे त्यालाच जातात! नाही दिले तर पुढच्या हंगामात डाऊनी रोगाला फवारू काय, तुझा टॅब? व्याज तो वेगळं लावत नाही. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा, त्यातच सगळं आलं. पोराचा दोष नाही, चहा पिऊन गेला. रकाने पाडणाऱ्यानं आयुष्यात बाग धरली नसावी.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला होता, हे सगळे विद्वान सांगतात. त्याच पाहणीत व्यापारी-अडत्यांचं कर्ज वेगळं मोजलं होतं, हे कोणी सांगत नाही.

वेळेवरच्या परतफेडीचं कौतुकही वाचलं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज केंद्राच्या सवलतीनं ४ टक्क्यांवर येतं, राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेनं शून्यावर. छानच. पण मार्चअखेर नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, गावात महिना शेकडा तीननं पैसे उचलावे लागतात, ते कोणत्या वर्तुळात धरलेत? सोसायटीच्या दप्तरी वसुली झाली, की संशोधक खूश.

जाता जाता, सांगली-तासगावच्या बेदाणा सौद्यांचे दर आपण हल्ली दोन-तीन दिवस शिळे छापता, तेही कोपऱ्यात. शेअर बाजार मात्र रोज ताजा असतो.

आपला,
एक द्राक्षबागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली