सलवार-कमीज दिसली, कुस्ती दिसली नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात महिलांच्या व्यावसायिक कुस्तीविषयी गेले काही दिवस जी पत्रे येत आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा सूर असा आहे की, जिचा निकाल आधीच ठरलेला असतो ती कुस्तीच नव्हे, आणि असल्या लुटुपुटूच्या खेळात बायका उतरतात याचे कौतुक तर मुळीच नको. मी पेडणे तालुक्यात सव्वीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. मातीतली आणि मॅटवरची कुस्ती थोडीफार समजते. दूरचित्रवाणीवरची ही दुसरी कुस्ती मात्र निवृत्तीनंतर नातीच्या नादाने पाहू लागले. तेव्हा दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

निकाल ठरलेला असतो हे खरेच आहे, आणि आता ते कुणी लपवतही नाही. पण हा आक्षेप आपण पेडणेकरांनी घ्यावा याचे मला नवल वाटते. दहीकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकाला, रात्रभर जागणाऱ्यांपैकी त्यातला राक्षस संकासुर शेवटी मरणार हे कुणाला ठाऊक नसते? तरी सगळे बसून राहतात, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना चर्चा होते ती संकासुर का मेला याची नव्हे, तर युद्ध तालात झाले की नाही, यंदाचा नट दमला का, याची. नाटकाला जी मापे लावायची ती नाटकाला लावावीत, एवढेच माझे म्हणणे.

आणि लुटुपुटूचे म्हणजे नेमके किती, तेही पाहू. ज्युदोच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत आम्ही मुलींना दुसरीला पाडायला शिकवत नाही, स्वतः पडायला शिकवतो. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. आणि पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून थोडे दूर घेऊन तळवे गादीवर जोरात मारायचे, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. एखादीने घाबरून कोपर खाली टेकवले की खांदा गेलाच म्हणून समजावे. या रिंगणातल्या बायकाही हेच करतात, पण त्यांच्याखाली ज्युदोची जाड गादी नसते. लोखंडी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वरून ताणलेले कॅनव्हास, इतकाच तो सारा थाट. त्या फळ्यांचा आवाज मोठा होतो, म्हणून बघणाऱ्याला वाटते की सगळा आवाजच आहे. निकाल ठरवता येतो, पण उंचावरून खाली येणाऱ्या शरीराचे वजन काही ठरवून कमी करता येत नाही.

मी ज्या अंतिम लढतीमुळे या खेळाकडे वळले ती 12 सप्टेंबर 2017 रोजी लास व्हेगासला झाली. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीने मे यंग या जुन्या कुस्तीगीर बाईंच्या नावाने बत्तीस महिलांची स्पर्धा भरवली होती. मे यंग 2014 मध्ये, नव्वदीत वारल्या. आधीच्या फेऱ्या फ्लोरिडात जुलैमध्येच चित्रित झाल्या होत्या, अंतिम लढत तेवढी थेट दाखवली गेली. एका बाजूला शेना बॅझलर, जी मिश्र मार्शल आर्ट्सच्या खऱ्या लढती खेळून आलेली आणि गळ्याला पकड घालण्यात पटाईत. दुसऱ्या बाजूला जपानची काइरी सेन. आमच्या घरी तिचे नाव पहिल्या दिवसापासून ‘कैरी’च झाले, आणि नातीने ते आजवर बदलू दिलेले नाही. ही काइरी कुस्तीत येण्यापूर्वी शिडाच्या नौकांच्या शर्यतीत भाग घेत असे. मांद्र्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला, वाऱ्याचा अंदाज घेऊन तोल सांभाळणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रिंगणाच्या कोपऱ्यात सर्वांत वरच्या दोरावर चढून ती क्षणभर उभी राहते तेव्हा तो जुना सराव दिसतो. तिथून ती कोपर पुढे करून खाली झेपावते. त्या रात्रीही तिने तसेच केले आणि पंचाने तीन मोजेपर्यंत बॅझलर उठली नाही.

बातम्या इथेच संपल्या. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते.

विजेतीला बक्षीस म्हणून त्याच नोव्हेंबरात अजिंक्यपदाच्या चौरंगी लढतीत जागा मिळाली, आणि ती लढत दुसरीनेच जिंकली. काइरीला ते पद मिळाले ते ऑगस्ट 2018 मध्ये, पुन्हा बॅझलरलाच हरवून. ऑक्टोबरात बॅझलरने ते परत घेतले. डिसेंबर 2019 मध्ये, शिड्या-टेबले वापरण्याची मुभा असलेल्या एका लढतीत काइरीच्या डोक्याला चांगलाच मार बसला. पुढच्या वर्षी ती जपानला परतली, तिथे 2022 मध्ये आणखी एका नव्या अजिंक्यपदाची पहिली मानकरी झाली, आणि 2023 मध्ये पुन्हा अमेरिकेत आली. ‘सगळे ठरलेले’ म्हणणाऱ्यांनी हा सहा वर्षांचा प्रवास कुणी कोणत्या कागदावर ठरवून लिहिला होता ते मला सांगावे.

त्याहून गमतीची गोष्ट हरलेल्यांची. काइरीने दुसऱ्याच फेरीत जिला बाद केले त्या बियांका बेलेअरने 2021 मध्ये या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याच्या पहिल्या रात्री शेवटची, म्हणजे मानाची, लढत खेळून अजिंक्यपद जिंकले. ऑस्ट्रेलियाची रिया रिप्लीही दुसऱ्या फेरीत बाद झाली होती. त्याच सोहळ्याच्या दुसऱ्या रात्री तीही अजिंक्य ठरली. रियाला 2017 मध्ये बाद करणारी न्यूझीलंडची डकोटा काई. याच डकोटाने त्याआधीच्या फेरीत आपल्या कविता देवीला हरवले होते.

कविताचे नाव आपल्याकडे पुष्कळांना आठवेल, पण कशासाठी? हरियाणाची ही बाई मुळात वेटलिफ्टर. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने 75 किलो गटात सुवर्ण मिळवले, त्यानंतर जालंधरला, डब्ल्यूडब्ल्यूईत गाजलेले कुस्तीगीर खली यांच्या अकादमीत ती व्यावसायिक कुस्ती शिकली. फ्लोरिडात ती सलवार-कमीज घालून उतरली आणि डकोटाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून तिने खाली फेकले. ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्या दिवसांत जे लिहिले-दाखवले ते मी आवर्जून पाहत होते, आणि त्यात बहुतेक ठिकाणी सलवार-कमीज होती, संस्कृती होती, अभिमान होता; ती हरली कशामुळे, समोरची कोण, हे मात्र शोधावे लागत होते. वास्तविक पाहण्यासारखे होते ते तिचे उचलणे. वजन उचलणाऱ्या बाईचे पाय आधी पक्के रोवले जातात, कंबर मागाहून वर येते, हात सर्वांत शेवटी. त्या काही क्षणांत तिची अनेक वर्षांची मेहनत दिसत होती. कुस्तीगीर म्हणून ती अजून कच्ची होती, हेही त्याच चित्रफितीत दिसत होते, आणि ते तितकेच स्पष्ट लिहायला हवे होते.

त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये तिला कंपनीचा करार मिळाला, असा करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. 2018 च्या मोठ्या सोहळ्यात अनेकींच्या एकत्र लढतीत ती उतरली, त्याच वर्षी मे यंग स्पर्धेत पुन्हा पहिल्या फेरीत हरली, आणि 2021 मध्ये कंपनीने तिला मोकळे केले. या चार वर्षांत ती काय शिकली, तिला लढती किती कमी मिळाल्या, भाषेची अडचण होती का, घर-संसार सोडून परदेशात राहणे कसे निभले, हे विचारायला पहिल्या दिवशीच्या अभिमानवाल्यांपैकी किती जण गेले?

स्पर्धेचेही तेच झाले. दुसऱ्या वर्षीची अंतिम लढत 28 ऑक्टोबर 2018 रोजी, कंपनीच्या पहिल्याच निव्वळ महिलांच्या मोठ्या कार्यक्रमात झाली, टोनी स्टॉर्मने जपानच्या इओ शिराईला हरवले, आणि त्यानंतर ती स्पर्धा पुन्हा भरलीच नाही. 2021 मध्ये ‘राणीचा मुकुट’ या अर्थाच्या नावाने नवी स्पर्धा काढली, तर तिच्या पहिल्या फेरीच्या लढती जेमतेम दोन-तीन मिनिटांत आटोपल्या. कुकरच्या दोन शिट्ट्यासुद्धा तेवढ्यात होत नाहीत. खोटेपणा शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा: मुकुट मोठा आणि लढायला वेळ नाही. या कंपनीवर टीका करणाऱ्यांच्या रांगेत मीही उभी राहीन, पण आक्षेप माझा हा राहील.

हे सगळे परदेशातच घडते असेही नाही. अलिगढच्या हमीदा बानू 1940 आणि 50 च्या दशकांत पुरुष पैलवानांशी लढत. त्यांचे वजन किती, उंची किती, रोज दूध किती लिटर आणि अंडी किती, याच्या चर्चा त्या काळी वर्तमानपत्रांतून झाल्या. 1954 मध्ये बडोद्याला बाबा पहलवानाला त्यांनी दीड मिनिटाच्या आसपास चीत केले, त्याचाही गाजावाजा झाला. लढती खऱ्या की ठरवलेल्या, हा वाद त्यांच्याही वाट्याला आला होता. आणि पुढे याच बाई कल्याणला दूध विकून पोट भरत होत्या, ही गोष्ट मात्र जगाला कळायला कित्येक दशके जावी लागली.

मला हे इतके का टोचते, तेही सांगते. माझी एक विद्यार्थिनी ज्युदोत राज्यस्तरावर पहिली आली होती. एका दैनिकाने (ते आपले नव्हे) चषकासह तिचा फोटो छापला आणि खाली नाव दुसऱ्याच मुलीचे. आम्ही फोन केला, पत्र लिहिले. दुरुस्ती आली नाही. दीड वर्षाने तिचा गुडघा निखळला, खेळ सुटला, तेव्हा तर कुणी चौकशी करण्याचा प्रश्नच नव्हता. ते कात्रण तिच्या आईने अजून जपून ठेवले आहे. छापील नावावर निळ्या बॉलपेनची रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात मुलीचे स्वतःचे नाव.

तेव्हा माझी आपणाला विनंती इतकीच आहे की, महिलांची अंतिम लढत ठरवलेली असो वा न ठरवलेली, लास व्हेगासची असो वा म्हापशाच्या शालेय स्पर्धेची, बातमी छापताना हरलेलीचेही नाव आणि ती कशी हरली ते छापावे, पोशाखाला एक ओळ पुरे करावी, आणि वर्षभराने त्याच दोघींना पुन्हा एकदा फोन करावा. क्रीडापानावर त्यासाठी चार इंच जागा लागेल. खेळाडूंच्या वाढदिवसांना आपण तेवढी देतोच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मांद्रे, पेडणे